कोणालो रे तू?

गेल्या अंकात आम्ही दहावीच्या परीक्षेत शाळेतून पहिल्या दहांत आलेल्या विद्यार्थ्यांची यादी छापली. ती दरवर्षी छापतो. आधी नाव, मग टक्के आणि त्यापुढे कंसात घरची ओळख : अमुक डॉक्टरांची कन्या, तमुक शाखाधिकाऱ्यांचे सुपुत्र, आपल्या शाळेच्या माजी शिक्षिकांची नात. ही पद्धत कुणी सुरू केली ते आज कुणालाच सांगता येत नाही. आधीच्या अंकात होते म्हणून पुढच्या अंकात आले, एवढेच.

या खेपेस दहांपैकी नऊ नावांपुढे कंस होता. सातव्या क्रमांकावरच्या मुलीच्या नावापुढे नव्हता. अंक वाटून झाला आणि चार दिवसांनी ती मुलगी आमच्यापैकी एका शिक्षिकेला व्हरांड्यात भेटली. तिने तक्रार केली नाही, साधा प्रश्न विचारला : "टीचर, माझ्या नावापुढे लिहिण्यासारखं काहीच नव्हतं का?"

तिची आई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसते. पेडण्याहून पहाटे निघते, तांबडी भाजी, हरमलच्या मिरच्या, दिवसात असतील तेव्हा कणगां घेऊन येते. वडील नाहीत. यादी तयार करताना आमच्यापैकी कुणीही मुद्दाम काही वगळले नव्हते. फॉर्मवरच्या 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात जे होते ते आमच्या हाताने कंसात उतरलेच नाही, आणि ते उतरले नाही हे आमच्या ध्यानातही आले नाही. ध्यानात न येणे हीच आमची चूक, आणि ती आम्ही या पानावर मान्य करतो.

पण नुसती दिलगिरी व्यक्त करून हा विषय मिटवावा असे आम्हांला वाटत नाही. तिच्या प्रश्नामागे एक जुना प्रश्न आहे. आपल्याकडे अनोळखी मुलगा दारात आला की घरातले वडीलधारे दोन गोष्टी विचारतात : "खंयचो रे तू? कोणालो?" गाव कुठले आणि माणूस कुणाचा. विचारण्यात आपुलकी असते, बहुधा दोन घरांची ओळखही निघते. पण त्या उत्तरावरूनच मुलाला ओसरीवर बसवायचे की अंगणात उभे ठेवायचे हे ठरत असे, हेही आपण विसरू नये. माणसाचे पुढे काय होणार, यातले किती 'कोणालो' या शब्दात असते आणि किती शाळेच्या हातात असते, याचा विचार शाळेच्या पत्रिकेने करायचा नाही तर कुणी करायचा?

आधी गोमंतकातल्या काही नावांकडे पाहू. केरकर, कुर्डीकर, पैंगिणकर, मंगेशकर, बांदोडकर, माशेलकर. ही सगळी आडनावे 'खंयचो' या प्रश्नाची उत्तरे आहेत. केरी, कुर्डी, पैंगीण, मंगेशी, बांदोडे, माशेल ही गावे त्यांत जशीच्या तशी आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र यांतल्या काही घरांना देता येत नव्हते. देवळाच्या सेवेला बांधलेल्या कलावंत घरांत मुलांची ओळख आईकडून येई. शाळेच्या वा कचेरीच्या कागदावर वडिलांच्या नावाचा रकाना आला की लेखणी तिथे थांबे. मा. दीनानाथांनी आडनाव घेतले ते मंगेशी या गावावरून, आणि पुढे तेच नाव साऱ्या देशाने ऐकले. राजाराम रंगाजी पैंगिणकर यांनी १९६९ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि त्याला नावच दिले 'मी कोण?'. अख्ख्या समाजाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या असलेला प्रश्न त्यांनी मुखपृष्ठावर आणला.

या घरांजवळ विद्या नव्हती असे कोण म्हणेल? केसरबाई केरकर यांचे गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले. मोगूबाई कुर्डीकर यांनी आपली विद्या मुलीला दिली आणि त्या मुलीला, किशोरी आमोणकर यांना, २००२ साली पद्मविभूषण मिळाले. विद्या होती, कष्ट होते, बुद्धी होती. उणीव होती ती त्या विद्येला मान देणाऱ्या समाजाची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या समाजातल्या माणसांनी एकत्र येऊन जुन्या रूढी मोडल्या, 'गोमंतक मराठा समाज' हे नाव धारण केले आणि मुलामुलींच्या शिक्षणावर भर दिला. नवे नाव आणि शाळेची पाटी ही दोन्ही बरोबर आली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शिक्षण मिळाले, पण ओळखीवरचा डाग तसाच राहिला, तर मूल शिकूनही मान खाली घालून वावरते. ओळख बदलली, पण शिक्षण मिळाले नाही, तर नवे नाव कागदावरच राहते.

याच समाजातून आलेले, पेडण्यात १९११ साली जन्मलेले दयानंद बांदोडकर १९६३ च्या डिसेंबरात गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्या काळी गोव्यात दर तिघांमागे जेमतेम एकाला अक्षरओळख होती. भाऊसाहेबांच्या राजवटीत गावोगाव, वाड्यावाड्यांवर सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. कुठे देवळाच्या सभामंडपात, कुठे कुणाच्या ओसरीवर वर्ग भरत. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के झाली होती. तिघांतल्या एकापासून दहांतल्या जवळजवळ नवांपर्यंतचा हा पल्ला आपण पन्नास वर्षांत ओलांडला. आज आपल्या शाळेत मुलाला घेऊन येणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांनी पहिले अक्षर त्याच शाळांत गिरवले आहे.

त्याआधी शाळा नव्हत्या असे नाही, पण त्या कुणासाठी होत्या हा प्रश्न आहे. पोर्तुगालमध्ये १९१० च्या ऑक्टोबरात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले. त्याच सुमारास आपल्या लोकांनी शिक्षणासाठी हातपाय हलवले. पणजीत १९०८ साली मुष्टिफंड संस्था निघाली. मुष्टी म्हणजे मूठ. घरागणिक मूठभर तांदूळ काढून शाळा उभी करायची, ही त्या नावामागची कल्पना. आपल्या म्हापशात १९११ साली ज्ञानप्रसारक मंडळ उभे राहिले. ज्यांच्या घरी मास्तर ठेवण्याची ऐपत होती त्यांची मुले घरीच शिकत. पुढे बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई गाठून मॅट्रिक होत. ज्यांच्या घराखालची जमीनच भाटकाराची, त्यांचे काय? भाटकाराची मर्जी फिरली तर घर खाली करावे लागेल, ही धास्ती असलेल्या मुंडकाराच्या घरात मुलाला दहा वर्षे शाळेत ठेवण्याचा बेत कसा आखणार? म्हणून १९६४ चा कूळ कायदा आणि शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीतला १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा हे आम्हांला शिक्षणाचेही कायदे वाटतात. डोक्यावरचे छप्पर पक्के झाले की पाटी-दप्तराला कोपरा मिळतो.

आता दोन माणसांच्या कथा शेजारी शेजारी ठेवून पाहू. दोघेही गोव्याचे, दोघेही जगभर गेले.

पहिले धर्मानंद कोसंबी. १८७६ साली सांखवाळला जन्मले. शाळेतले शिक्षण बेताचे, तेही मराठी. इंग्रजी शाळेचा वारा लागला नाही. 'बालबोधमेवा' या लहान मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि ते त्यांच्या मनात घर करून बसले. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत सिलोन गाठले, तिथे पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशात गेले, आणि कालांतराने अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम करू लागले. ज्याच्या हाती पदवी नव्हती त्याला हार्वर्डने बोलावले. त्यांचे चिरंजीव दामोदर यांचा जन्म १९०७ चा. वडिलांबरोबर ते अकराव्या वर्षी अमेरिकेला गेले, १९२९ साली हार्वर्डची पदवी घेतली आणि गणित व इतिहास या दोन्ही क्षेत्रांत नाव केले. वडिलांनी जे शोधण्यासाठी अर्धे आयुष्य पायपीट केली, ते मुलाला घरात मिळाले. घराणे एका पिढीत घडू शकते याचा याहून चांगला दाखला कुठे मिळेल?

पण इथे थांबून आणखी एक गोष्ट पाहायला हवी. धर्मानंदांची जिद्द असामान्य होती, यात शंका नाही. तरीही, सांखवाळच्या त्या घरात वाचता येणारी माणसे होती आणि वाचायला कागद होता. एक मासिक हाती पडले म्हणून एक आयुष्य बदलले. त्याच गावात, त्याच वयाचा, तितकाच जिज्ञासू एखादा मुलगा माडाच्या बागेत काम करीत असेल आणि त्याच्या हाती तो अंक कधी पडला नसेल, तर त्याचे नाव आज कोण घेणार? आपल्याला दिसतात ते पोचलेले. वाटेत राहिलेल्यांची यादी कोणत्याच पत्रिकेत छापून येत नाही.

दुसरे डॉ. रघुनाथ माशेलकर. १ जानेवारी १९४३ रोजी माशेल येथे जन्म. लहानपणीच वडील गेले. आई अंजनी मुलाला घेऊन मुंबईला गिरगावात आल्या आणि मिळेल ते काम करू लागल्या. एका ठिकाणी कामासाठी त्या रांगेत उभ्या राहिल्या, तर तिसरी इयत्ता पास असलेलीच बाई हवी असे सांगून त्यांना परत पाठवले. आपल्या मुलाला सगळ्यांत मोठे शिक्षण द्यायचे असे त्या दिवशी आईने ठरवले, ही आठवण डॉ. माशेलकर आपल्या व्याख्यानांत सांगत आले आहेत. मुलगा नगरपालिकेच्या शाळेत शिकला, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून १९६० साली शालान्त परीक्षेत राज्यात अकरावा आला. पुढे रसायन अभियांत्रिकीत पीएच.डी., पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक, १९९५ ते २००६ या काळात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक, १९९८ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व.

ही कथा आपल्या शाळांच्या संमेलनांत वारंवार सांगितली जाते, आणि सांगितली जावी. पण ती सांगताना आपण दिव्याच्या खांबावर थांबतो. मुलांच्या मनावर ठसते ते असे, की ज्याच्यात दम असेल तो रस्त्यावर बसूनही मोठा होतो, मग तू घरात बसून का होत नाहीस? कथेतल्या बाकीच्या माणसांचे काय? आई होती. भिंगाने सूर्याचे किरण एका बिंदूवर आणून कागद जाळून दाखवणारे आणि मन एकाग्र कसे करायचे ते सांगणारे भावे सर होते. शालान्त परीक्षेनंतर शिक्षण सुटायची वेळ आली तेव्हा महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती देणारा टाटा न्यास होता. यांतला एक दुवा निखळला असता तर? मुलगा तितकाच हुशार राहिला असता, पण कथा झाली नसती. दिवा रस्त्यावर होता कारण घरात नव्हता. तो घरात असावा, निदान शाळेत असावा, एवढे तरी आपण या कथेतून शिकायला हवे.

घरच्या परिस्थितीचा प्रभाव जगभर मोजला गेला आहे. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांनी सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून अहवाल दिला. शाळेच्या इमारती आणि खर्च यांपेक्षा मुलाच्या यशात घरच्या पार्श्वभूमीचा वाटा मोठा असतो, असे त्यात निघाले. श्रीमंत राष्ट्रांच्या ओईसीडी या संघटनेने २०१८ साली हिशेब मांडला : तळाच्या दहा टक्क्यांत जन्मलेल्या कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला डेन्मार्कमध्ये २ पिढ्या लागतील, भारतात ७. सात पिढ्या म्हणजे आपण शिव्याशाप देताना वापरतो तो आकडा. डेन्मार्कच्या मुलांचा मेंदू काही वेगळा नाही. तिथे घर आणि यश यांच्यामधली दोरी सैल करण्याची व्यवस्था आहे.

नाव आणि जात यांचे काय होते, तेही तपासून पाहिलेले आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. सवर्ण वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित वाटणाऱ्या नावाला बोलावणे येण्याची शक्यता तीनास दोन अशी पडली, मुस्लिम नावाला तीनास एक. उत्तर प्रदेशातला कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा प्रयोग तर आपल्या वर्गखोलीच्या अगदी जवळचा आहे. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. कुणाची जात पुकारली नाही तेव्हा खालच्या मानलेल्या जातींची मुले आणि वरच्या मानलेल्या जातींची मुले सारखीच निघाली. वर्गात सर्वांदेखत नाव, गाव आणि जात वाचून दाखवली तेव्हा त्याच पहिल्या मुलांनी सोडवलेले भूलभुलैये सुमारे पाचव्या हिश्श्याने घटले. मुले तीच, कागद तेच. मध्ये फक्त एक यादी वाचली गेली.

आता आपल्या वर्गात शिष्यवृत्तीची यादी कशी वाचली जाते ते आठवा. "अमुक प्रवर्गातल्यांनी हात वर करा, फॉर्म घेऊन जा." वाचणाऱ्या शिक्षकाच्या मनात काही नसते. आमच्याही मनात कंस छापताना काही नव्हते.

डिचोलीकडच्या पालकांना आणखी एक उदाहरण पटेल. खाणी जोरात होत्या तेव्हा कितीतरी घरांत ट्रक आला. दहावीपर्यंत कसेबसे शिकलेला मुलगा ट्रकावर बसला, कारण वडील ट्रकावर होते आणि पैसा लगेच दिसत होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या. पुन्हा थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने परत थांबल्या. पुढे लिलाव होऊन काही भागांत काम सुरू झाले, पण मधल्या वर्षांत ट्रक दारात गंजले आणि हप्ते चालूच राहिले. ज्या घरातल्या एखाद्या मुलीने वा मुलाने तेवढ्यात पदविका पुरी केली होती, ते घर तगले. वडिलांचा धंदा हा मुलाचा वारसा असतो, पण तो धंदा वडिलांच्या हातात नसतो. पेडण्यातही मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. तिथे कुणाला कोणते काम मिळते ते ज्याच्या त्याच्या कागदावर अवलंबून आहे. जमीन कुणाची गेली, यावर नाही. आज आठवीत असलेल्या मुलामुलींनी ही गोष्ट आपल्या घरी बोलून पाहावी.

काही पालक म्हणतील, मग आमच्या मुलांच्या मेहनतीला काहीच किंमत नाही का? डॉक्टरांच्या मुलीने नव्वद टक्के मिळवले ते काय वडिलांनी लिहिले? मुळीच नाही. तिने रात्री जागूनच ते मिळवले आहेत आणि त्याबद्दल तिचे मनापासून अभिनंदन. आमचे म्हणणे इतकेच आहे, की तिच्या घरात अभ्यासाची खोली होती, अडले तर सांगणारे माणूस होते, परीक्षेच्या दिवसांत गाडीने सोडायला कुणीतरी होते. हे सारे असणे हा गुन्हा नाही, ते प्रत्येक मुलाला मिळावे. पण ज्या मुलीने पहाटे चारला आईबरोबर मिरच्या निवडून, पेडण्याची बस पकडून, संध्याकाळी परत जाऊन तितकेच टक्के मिळवले, तिचे टक्के मोजताना ते अंतरही मोजले पाहिजे. अंतर मोजले म्हणून डॉक्टरांच्या मुलीचे काही कमी होत नाही.

उलट बाजूनेही सावध राहायला हवे. कंसात 'भाजीविक्रेतीची मुलगी' असे छापून, व्यासपीठावर बोलावून, 'गरिबीवर मात' असा मथळा देऊन आपण आपली चूक दुरुस्त करू, असे आमच्यापैकी काहींना आधी वाटले. मग आम्ही त्या बाईंनाच बाजारात जाऊन भेटलो. गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता त्या म्हणाल्या, "माजें कित्याक जाय? चेडवाचें नांव आयलां न्हय." मुलीचे नाव आले आहे, माझे कशाला हवे? यात लाज नव्हती, आढ्यताही नव्हती. ओळख कुणी कशी सांगावी हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, एवढे आम्हांला कळले. पुढे त्यांनी एक गोष्ट सांगितली तिने मात्र आम्ही खजील झालो. तीन वर्षांत त्या एकाही पालकसभेला आल्या नव्हत्या आणि वर्गशिक्षकांच्या वहीत 'पालक उदासीन' असा शेरा होता. आपली पालकसभा शुक्रवारी असते. म्हापशात, शुक्रवारी! बाजाराच्या दिवशी बाजार करणारी आई कुठून येणार?

तेव्हा संपादक मंडळ म्हणून जे आमच्या हातात आहे ते आम्ही या अंकापासून केले आहे. यापुढे गुणवंतांच्या यादीत कंस असणार नाही. विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, वडील असतील व मुलाची इच्छा असेल तर वडिलांचे नाव आणि आडनाव. व्यवसाय, हुद्दा, पदवी काही नाही. शेजारच्या महाराष्ट्राने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव सरकारी कागदांवर आणले आहे. ज्या गोमंतकात आईच्या नावाने वाढलेल्या मुलांनी एवढे मोठे कार्य केले, तिथल्या शाळेला हे अवघड जाऊ नये.

जे विश्वस्त मंडळाच्या हातात आहे त्याबद्दल चार विनंत्या.

एक, पालकसभा शुक्रवारी ठेवू नये. रविवारी दुपारी ठेवावी, आणि बोलणे असे असावे की जे पालक कधी शाळेत गेले नाहीत त्यांनाही प्रश्न विचारता यावा.

दोन, वाचनालय शाळा सुटल्यावर दोन तास उघडे ठेवावे. पेडणे आणि डिचोलीकडच्या बसच्या वेळा पाहून ते बंद करावे. दिवा, पंखा, टेबल आणि शंका विचारायला एक शिक्षक, इतके पुरे. माजी विद्यार्थ्यांनी आळीपाळीने बसायची तयारी दाखवली आहे.

तीन, शिष्यवृत्ती आणि सवलतींच्या याद्या वर्गात वाचू नयेत. ज्याचा फॉर्म त्याच्या हाती, कचेरीत बोलावून द्यावा.

चार, वार्षिक बक्षीस समारंभात एक बक्षीस आठवी ते दहावी या काळात सर्वांत जास्त पुढे सरकलेल्या विद्यार्थ्यासाठी असावे. चाळीसवरून सत्तरवर आलेला मुलगा नव्वदच्या शेजारी उभा राहू दे.

आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि प्राथमिक प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाचणी वा मुलाखत घेण्यास त्यात मनाई आहे. आपल्या शाळेत मुलाखत होत नाही. पण फॉर्म देताना "आई-वडील किती शिकले?" असे जे सहज विचारले जाते, तेही थांबवावे. विचारायचेच असेल तर प्रवेश झाल्यावर, मुलाला मदत कुठे लागेल हे कळावे म्हणून वर्गशिक्षकांनी विचारावे आणि ते आपल्यापाशीच ठेवावे.

विद्यार्थी मित्रांनो, कुणी विचारले, "कोणालो रे तू?", तर उत्तर जरूर द्या. आईचे नाव सांगा, गावाचे सांगा, वाड्याचे सांगा, त्यात कमीपणा नाही आणि मोठेपणाही नाही. एवढेच करा, की शेजारच्या बाकावरच्या मुलाला हा प्रश्न विचाराल तेव्हा त्याच्या उत्तरावरून डब्यातले खाऊ द्यायचे की नाही हे ठरवू नका.

सातव्या क्रमांकावरची ती मुलगी आता उच्च माध्यमिकच्या विज्ञान शाखेत आहे. या लेखाचा मसुदा आम्ही तिला छापण्याआधी वाचायला दिला. तिने एकच दुरुस्ती सुचवली : आई पहाटे चारला उठत नाही, तीनला उठते. वरचे चार तसेच ठेवले आहे, कारण चारला उठते ती मुलगी.

पालक, विश्वस्त आणि माजी विद्यार्थी यांनी आपली मते पुढील अंकासाठी शाळेच्या कचेरीत पोचती करावीत. विरुद्ध मतेही छापली जातील. नावापुढे कंस नसेल.

— संपादक मंडळ